जगाचा बाजार आणि कापूसवाल्याचें घर

(वऱ्हाडांतील एका बाजारगांवीं शेतकरी, विणकर व मजूर स्त्रीपुरुषांच्या सभेंत झालेलें व्याख्यान)



आजच्या विषयाचें नांव मोठें अवघड आहे: जागतिकीकरण आणि उत्पन्नांतील विषमता. नांव ऐकतांच मागच्या रांगेंतल्या चारदोन म्हाताऱ्यांनीं तंबाखूची पिशवी बाहेर काढली, तें मी पाहिलें. १९९१ सालानंतर आपल्याकडच्या चळवळ्या लोकांनीं खासगीकरण, उदारीकरण व जागतिकीकरण या तीन शब्दांचीं पहिलीं अक्षरें जोडून 'खाउजा' असा एक शब्द केला. तो लोकांच्या तोंडीं बसला खरा. पण त्यांतलें 'खा' कोणाला म्हटलें आणि 'जा' कोणाला म्हटलें, याचा हिशेब फारसा कोणी मांडला नाहीं. तो हिशेब मी एकाच मालाच्या नांवें मांडणार आहें. तो माल तुम्हां सर्वांच्या ओळखीचा: कापूस. शेतकरी तो पेरतो, बाया वेचतात, विणकर त्याचें कापड करतो, आणि भाव मात्र समुद्रापलीकडे ठरतो.

जगाचा बाजार आपल्या दारांत १९९१ सालीं आला असें पुष्कळ लोक म्हणतात. तें अर्धवट आहे. कापसाच्या गाडीवर बसून तो त्याच्या सव्वाशें वर्षें आधींच आला होता. १८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत उत्तरेच्या व दक्षिणेच्या संस्थानांमध्यें युद्ध जुंपलें. दक्षिणेंत आफ्रिकेच्या गुलामांच्या पाठीवर कोरडे ओढून कापूस पिकवीत, आणि तोच कापूस विलायतेंत लँकेशायरच्या गिरण्यांना जाई. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडवून धरलीं, तशी लँकेशायरची चूल विझली. गिरण्या बंद, मजूर उपाशी. मग साहेबाला खानदेश, वऱ्हाड, धारवाड हे मुलूख आठवले. लिव्हरपूलच्या बाजारांत रुईचा भाव तिप्पट-चौपट झाला आणि आपल्या कास्तकाराच्या हातीं कधीं नव्हे तो रोख पैसा खेळूं लागला. गाडीच्या चाकांना रुप्याच्या धावा बसविणाऱ्या कुणब्यांच्या गोष्टी त्या काळच्या साहेबांनीं लिहून ठेवल्या आहेत. त्या सांगून आपल्या लोकांची उधळपट्टी दाखविण्याची कांहीं विद्वानांना फार हौस असते. परंतु त्याच वेळीं मुंबईंत काय चाललें होतें? समुद्र भरून जमीन करूं म्हणणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या कागदी शेअरांवर सट्टा सुरू झाला, आणि भलीं शहाणीं माणसें कागदाला सोनें समजून बसलीं. रुप्याची धाव निदान चाकाला तरी उपयोगी पडते!

१८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील युद्ध संपत आलें आणि भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा मुंबईंत वायदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवसापासून पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे सट्ट्याचे राजे धुळीस मिळाले. बँक ऑफ बाँबे पुढें मोडीत निघाली. शेटजीही बुडाले, हें मी लपवीत नाहीं. पण बुडण्याबुडण्यांत फरक असतो. प्रेमचंदांच्या देणगींतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही मुंबईच्या विद्यापीठांत आहे. कुणब्याच्या वांट्याला मात्र तेजीच्या भरंवशावर काढलेलें कर्ज राहिलें. सावकाराला वरून ताण बसला, तसा त्यानें खालचा दोर आवळला. त्यांतच १८६७ पासून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि सारा वाढला. पुणें व नगर जिल्ह्यांत कापूस फारसा नव्हता; पण तेजीच्या पैशाचा व उसनवारीचा पूर तिकडेही पोंचला होता, आणि ओसरतांना तिकडचीही माती घेऊन गेला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांत सुपें या बाजारगांवीं आसपासच्या खेड्यांतले लोक जमले आणि सावकारांच्या वह्या व दस्तऐवज यांची होळी झाली. जीव घेणें हा त्या लोकांचा हेतु नव्हता. त्यांना ते कागद हवे होते. सरकार जागें झालें, चौकशी बसली, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जाविषयींचा कायदा झाला.

मी ही जुनी गोष्ट मुद्दाम लांबवून सांगितली. लिव्हरपूलची तेजी आपल्याकडे आली ती दहा हातांतून पाझरत आली. प्रत्येक हातानें ओंजळभर घेतलें, आणि शेवटच्या माणसाला तळहात ओला होण्यापुरतें मिळालें. मंदी आली ती मात्र मधें कोठें न थांबतां थेट त्या शेवटच्या माणसाच्या छपरावर पडली. असें कां झालें? मधले लोक जास्त हुशार होते म्हणून नव्हे. त्यांना थांबतां येत होतें, आणि जो थांबूं शकतो तो तोटा दुसऱ्याकडे ढकलूं शकतो. माझें आजचें सारें म्हणणें एवढ्यांत आहे. बाकी आतां मी पुरावा देतों.

१८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि १८७० सालीं समुद्राखालून घातलेली तार मुंबईला पोंचली. पूर्वीं विलायतचा भाव कळावयास महिना लागे, तो आतां कांहीं तासांत कळूं लागला. कोणाला? ज्याच्या पेढीपर्यंत तार होती त्याला. आज ती अडचण उरलेली नाहीं. इथें बसलेल्या प्रत्येक पोराच्या खिशांत फोन आहे, आणि न्यूयॉर्कच्या वायद्याचा भाव तो मला इथल्या इथें सांगेल. मग आतां तरी आपण व्यापाऱ्याच्या बरोबरीनें उभे आहों काय? भाव कळतो, पण कळलेल्या भावाची वाट पाहण्याची ऐपत फोनांतून येत नाहीं.

आपलें घर आठवा. दसऱ्याच्या सुमारास सीतादही करून वेचणी सुरू होते. त्या दिवशीं आपल्यावर कोणाकोणाचें देणें असतें? कृषिसेवा केंद्रवाल्याची खताची आणि फवारणीची उधारी. सोसायटीचें कर्ज. मुलाची कॉलेजची फी. वेचणाऱ्या बायांची मजुरी तर त्याच आठवड्याच्या बाजाराला द्यावी लागते. बरें, माल ठेवावा तरी कोठें? माणसें राहतात त्याच खोलींत कापूस भरावा, तर अंगाला खाज सुटते, उंदीर येतात, विजेच्या एका ठिणगीची भीति रात्रभर झोपूं देत नाहीं. म्हणून तो विकला जातो. आपण विकतों ही बोलण्याची पद्धत झाली; खरें पाहतां आपल्याला विकावें लागतें.

२०२१-२२ च्या हंगामाचें उदाहरण ताजें आहे. सुरुवातीला भाव क्विंटलला सात-आठ हजारांच्या आसपास होता. तो हमीभावाच्या वरच होता, म्हणून बहुतेक लहान शेतकऱ्यांनीं आनंदानें माल घातला. पुढें २०२२ च्या उन्हाळ्यांत भाव दहा-बारा हजारांवर गेला, तेव्हां आपलीं घरें रिकामीं होतीं. ती तेजी ज्यांच्या गोदामांत होती, त्यांची झाली. मग पुढच्या वर्षीं काय झालें? शेतकऱ्यानें धडा घेतला आणि कापूस घरांत दाबून धरला, व्याज भरलें, खाज सोसली. आणि त्या वर्षीं भाव चढण्याऐवजीं उतरत गेला. शेवटीं सात-साडेसात हजारांना घालावा लागला. कांहीं तज्ज्ञ म्हणाले, शेतकरी लोभी झाला! व्यापाऱ्यानें साठा केला तर तें धोरण, आणि कुणब्यानें केला तर तो लोभ. ही भाषा जुनी आहे. पण तज्ज्ञांना बाजूला ठेवून एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नुसत्या आशेवर थांबणें म्हणजे थांबतां येणें नव्हे. ज्याला खरोखर थांबतां येतें त्याच्यापाशीं गोदाम असतें, विमा असतो, स्वस्त पैसा असतो, आणि एका वर्षाचा तोटा दुसऱ्या वर्षाच्या नफ्यांत जिरविण्याइतकें बळ असतें. आपण त्यांतली एकही वस्तु हातीं नसतांना थांबलों.

आतां दुसरी बाजू. जगाच्या बाजाराला फाटकें असतात, आणि त्या फाटकांच्या किल्ल्या असतात. जकात ही त्यांतली मोठी किल्ली. इंग्रजी राज्यांत ती कोणाकडे होती याचा नमुना पाहा. विलायती कापडावरील जकात १८८२ सालीं उठविली. पुढें सरकारला पैशाची अडचण पडली, म्हणून ती पुन्हां बसविली. पण मँचेस्टरवाल्यांनीं ओरड केली, तशी १८९६ सालीं विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि आपल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर, अशी तराजूची बरोबरी करण्यांत आली! आपल्या देशांत, आपल्या कापसाच्या, आपल्या मजुरांनीं केलेल्या कापडावरचा हा कर उठावयास १९२६ साल उजाडलें.

स्वराज्यांत कांहीं काळ किल्ली आपल्याकडे आल्यासारखी वाटली. महाराष्ट्रांत १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना चालली. तिच्यांत दोष पुष्कळ होते. ग्रेडरच्या मर्जीवर माल चढे-उतरे, चुकारे थकत, तोटा साठत गेला, आणि पुढाऱ्यांनीं तिची गाय करून दूध काढलें. मी तिचे गोडवे गाणार नाहीं. २००२ सालापासून तिचा एकाधिकार संपत गेला. पण ती कोणत्या वेळीं मोडली तें पाहा: २००१ सालाच्या अखेरीस जगांत रुईचा भाव पौंडाला पस्तीस-चाळीस सेंटांपर्यंत खालीं आला होता, १९९५ सालीं तोच डॉलरच्याही वर होता. पाऊस ऐन आला आणि छप्पर काढलें.

आणि हा भाव इतका खालीं कां गेला, त्याच्या कारणांत एक कारण फार शिकण्यासारखें आहे. अमेरिकेंत कापूस पिकविणारीं शेतें पंचवीस हजारांच्या आसपास होतीं. त्यांना तेथील सरकारनें त्या मंदीच्या एका वर्षांत तीन अब्ज डॉलरांहून अधिक मदत दिली. भाव पडला तरी त्यांना पेरा कमी करण्याचें कारण उरलें नाहीं. माल येतच राहिला आणि जगाचा भाव आणखी दबला. पश्चिम व मध्य आफ्रिकेंतील बेनिन, बुर्किना फासो, माली व चाड हे चार गरीब देश २००३ सालीं जागतिक व्यापार संघटनेच्या दारांत उभे राहिले आणि म्हणाले कीं, आम्हांला दान नको, तुमची ही मदत तेवढी बंद करा. त्यांच्या पदरांत आश्वासनें पडलीं. ब्राझील मोठा व श्रीमंत. त्याच्याकडे वकील होते. त्यानें २००२ सालीं दावा लावला, तो जिंकला, आणि शेवटीं २०१४ सालीं अमेरिकेकडून तीस कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. त्याच्या आधींही दरसाल पैसे येत होते. एकाच अन्यायाचे दोन फिर्यादी. पण ज्याला बारा वर्षें थांबतां आलें त्याला पैसे मिळाले, आणि ज्याचा हंगाम थांबत नव्हता त्याला सहानुभूति मिळाली.

म्हणजे अमेरिका सुखी आणि आपण दुःखी, असा सोपा हिशेब करूं नका. उत्तर कॅरोलिना प्रांतांत कॅनापोलिस म्हणून गिरणगांव होतें. चादरी आणि टॉवेल करणारें. २००३ च्या जुलैंत तेथील गिरणी बंद झाली आणि त्या प्रांतांतले चार हजारांवर कामगार एका दिवसांत घरीं बसले. पन्नाशीच्या बाया, ज्यांनीं उभा जन्म मागावर काढला, त्यांना आतां संगणक शिका म्हणून सांगण्यांत आलें. त्याच देशाचें सरकार कापूस पिकविणाऱ्या बड्या शेतमालकाला पैसे देत होतें, कारण त्याचे आमदार-खासदार राजधानींत पक्के होते. आणि ज्या लँकेशायरसाठीं आपल्या कापडावर कर बसविला, तेथल्या गिरण्याही विसाव्या शतकांत एकामागून एक बंद पडल्या. आपल्या मुंबईच्या गिरणगांवाचें सांगावयास नकोच. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपांत अडीच लाख कामगार होते. त्यांतले किती पुन्हां आंत गेले? गिरण्यांच्या जमिनीवर काचेचे मनोरे उभे आहेत आणि कामगारांचीं मुलें त्यांच्या दारांत पहारेकरी आहेत. म्हणून देशाकडे पाहून विषमता मोजूं नका. प्रत्येक देशांत थांबतां येणारे वेगळे आणि न येणारे वेगळे.

जागतिकीकरणानें कांहींच भलें केलें नाहीं असें म्हणणाऱ्यांतला मी नाहीं. चीनमध्यें चाळीस वर्षांत ऐंशी कोटींच्या घरांत लोक अत्यंत दारिद्र्यांतून वर आले. त्यांत जगाला माल विकण्याचा वांटा मोठा आहे. आपल्याकडेही उपाशी झोपणाऱ्यांची संख्या खूप घटली. ब्रँको मिलानोविच या अर्थशास्त्रज्ञानें आपल्या एका सहकाऱ्याबरोबर १९८८ ते २००८ या वीस वर्षांचा साऱ्या जगाचा आलेख काढला, आणि तो हत्तीसारखा दिसला. हत्तीची पाठ म्हणजे चीन व आशियांतील मधले लोक. त्यांचें उत्पन्न चांगलें वाढलें. सोंड खालीं झुकते तेथें श्रीमंत देशांतले साधे कामगार. त्यांची वाढ जवळजवळ थांबली. आणि सोंडेचें टोंक वर उचललेलें: ते जगांतले सर्वांत धनवान. देशादेशांमधलें अंतर कमी झालें, आणि देशाच्या आंतलें अंतर वाढलें. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत.

आपल्या देशाच्या आंतलें अंतर किती? पिकेटी आदि अर्थशास्त्रज्ञांच्या गणिताप्रमाणें १९८२ च्या सुमारास सर्वांत वरच्या शंभरांतील एका माणसाकडे देशाच्या उत्पन्नांतील शंभर रुपयांपैकीं सहा रुपये जात. २०२२-२३ सालीं त्याच एकाकडे साडेबावीस रुपयांवर जाऊं लागले. आणि खालच्या पन्नास माणसांनीं मिळून पंधरा वांटून घेतले. आतां आपल्या घराकडे या. सरकारच्याच २०१८-१९ च्या पाहणींत देशांतील शेतकरी कुटुंबाचें महिन्याचें सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघालें. त्यांत मजुरीचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतों तो पिकापेक्षां मजुरीवर अधिक जगतो. नांव कास्तकाराचें आणि कमाई रोजंदारीची.

आतां एक सदरा घेऊं. चांगला सुती सदरा अडीचशे ग्रॅमचा असतो. सूत काढतांना व कापड बेततांना घट येते, म्हणून तीनशे ग्रॅम रुई धरा. तेवढ्या रुईला नऊशे ग्रॅमच्या आसपास कापूस लागतो. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे नऊशे ग्रॅमचे ७३ रुपये. त्यांतली सरकी वेगळी विकली जाते, तिचे वीसेक रुपये वजा करा. सदऱ्याच्या अंगांत शेतकऱ्याचे पन्नास-त्रेपन्न रुपये उरले, तेही हमीभाव पुरा मिळाला तर. त्यांतूनच बियाणें, खत, फवारणी. वेचणीची मजुरी अलीकडे किलोला दहा रुपयांच्या आसपास. कोठें कमी, कोठें जास्त. म्हणजे कंबर मोडून वेचणाऱ्या बाईचे त्या सदऱ्यांत नऊ रुपये. शहराच्या मॉलमध्यें तोच सदरा दीड हजाराला टांगलेला असतो. मधें सूतकताई, विणकाम, रंगाई, शिवण, वाहतूक, दुकानभाडें आहे. त्या प्रत्येकाला पोट आहे, तें मी नाकबूल करीत नाहीं. पण सर्वांत जाड थर कोठें बसतो? नांवाच्या चिठ्ठीवर आणि दुकानाच्या जागेवर. ज्यानें सुईंत दोरा ओवला त्याच्याकडे तो थर नसतो.

सुईवाल्यांची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. बांगलादेशांत ढाक्याजवळ राणा प्लाझा नांवाची आठ मजली इमारत होती. तिच्यांत युरोप-अमेरिकेसाठीं कपडे शिवीत. २३ एप्रिल २०१३ रोजीं भिंतींना तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यावर एक बँक होती. तिनें आपल्या कारकुनांना घरीं पाठविलें. शिवणाऱ्या मुलींना दुसऱ्या दिवशीं कामावर यावें लागलें, कारण पगार कापण्याची धमकी होती आणि महिन्याचा किमान पगार होता तीन हजार टका. २४ तारखेला सकाळीं इमारत कोसळली. अकराशेंहून अधिक माणसें मेलीं. तडे दोघांनाही दिसले होते. कारकुनाला एक दिवस थांबतां आलें, शिवणारीला आलें नाहीं.

विणकर बंधु इथें आहेत, त्यांना वाटेल कीं हा माणूस कापूसवाल्याचीच कड घेतो. तसें नाहीं. इचलकरंजी, मालेगांव, भिवंडी येथें पुष्कळ मागवाल्यांचें काम असें: व्यापारी सुताचें बीम देतो, आणि विणणाऱ्यानें मीटरवर मजुरी घ्यावयाची. सूत चढलें तर व्यापारी काम थांबवितो. सूत उतरलें तर मजुरी वाढवीत नाहीं. माग थांबला तरी विजेचें बिल आणि बँकेचा हप्ता थांबत नाहीं. कापूस महाग झाला कीं गिरणीवाले विणकराला पुढें करून म्हणतात, पाहा, याचें पोट मारलें जातें, जकात उठवा. जकात उठली कीं कापूसवाला रडतो. दोन उपाशी घरांच्या भिंतीला भिंत लागलेली असतांना एकाच्या रडण्यानें दुसऱ्याचें तोंड बंद करण्याची ही युक्ति आहे.

२०२५ सालीं हेंच झालें. परदेशी कापसावर २०२१ पासून ११ टक्के जकात होती. जूनमध्यें आपण ती धरून पेरणी केली. ऑगस्टांत अमेरिकेनें आपल्या मालावर कर वाढवीत वाढवीत ५० टक्क्यांवर नेला, आणि कापडवाल्यांचा माल अडला. त्यांना दिलासा म्हणून सरकारनें १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत कापसावरील जकात उठविली. मग ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत लांबविली. म्हणजे अगदीं आपल्या वेचणीच्या महिन्यांत फाटक उघडें. पहिल्या वेचणीच्या दिवसांत अनेक बाजारांत भाव हमीभावाच्या खालीं राहिला. सरकारी कापूस महामंडळाला माल घालावा तर आधीं फोनवर नोंदणी, सातबारा, पीकपेरा, आणि ओलावा बारा टक्क्यांच्या आंत. पावसानें भिजलेला कापूस बारांत कसा बसावा? कर बसविला वॉशिंग्टननें. भार पडला कोठें, तर वऱ्हाडांतल्या शेतकऱ्याच्या ओसरीवर. कापडगिरण्यांतल्या कामगाराचें काम वाचावें हें मलाही हवें आहे. पण त्यासाठीं सरकारी तिजोरीनें हात पुढें करावयाचा होता.

पुढें काय करावयाचें? उपदेशांचीं गाठोडीं फार झालीं. मी तीनच गोष्टी मागतों. पहिली मागणी सरकारकडे: जकात वाढवावयाची कीं उठवावयाची तें मे महिन्याच्या आंत सांगा, आणि एकदां पेरणी झाली कीं मार्चपर्यंत तिला हात लावूं नका. दुसरी मागणी: खरेदी केंद्रें पहिल्या वेचणीबरोबर उघडा, आणि तितक्याच निकडीनें विणकराला सुताचा पुरवठा व खेळतें भांडवल द्या, म्हणजे एकाला दुसऱ्यावर सोडण्याची सोय उरणार नाहीं. तिसरी गोष्ट आपल्या हातांतली. सोयाबीन, तूर, हळद यांच्यासाठीं बाजार समित्यांची तारण योजना आहे. माल गोदामांत, पावती हातांत, आणि किंमतीच्या कांहीं हिश्श्याचें कर्ज कमी व्याजानें. २००७ च्या गोदाम कायद्यानें नोंदलेल्या गोदामाची पावती बँकेंत चालते. दहावीस गांवांनीं मिळून कापूस जिनमधून काढून घ्यावा आणि गठाणी गोदामांत ठेवाव्या. गठाण जागा कमी खाते, तिचा विमा उतरतो आणि तिच्यामुळें घराला खाज सुटत नाहीं. हें सोपें आहे असें मी म्हणत नाहीं. सहकारी सूतगिरण्यांचें काय झालें तें तुम्हीं पाहिलें आहे. म्हणून हिशेब दर महिन्याला गांवांत उघडा वाचला जाईल, आणि वेचणाऱ्या बायांच्या दोघी प्रतिनिधि त्या मंडळांत असतील, या दोन अटींवांचून मी कोणाला त्यांत पडा म्हणणार नाहीं.

आणि गोदाम उभें राहीपर्यंत निदान एवढें गणित घरांतल्या शाळकरी पोरीकडून करून घ्या. आपल्या देशांत रुईचा भाव खंडीवर बोलला जातो. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. धरा, आजचा भाव खंडीला ५६,००० आहे. ३५६ नें भागलें तर किलोला १५७ रुपये. एक क्विंटल कापसांतून ३४ किलो रुई निघते: ५,३३८ रुपये. ६३ किलो सरकी, किलोला ३५ धरली तर २,२०५. दोन्ही मिळून ७,५४३. त्यांतून जिनिंगचा खर्च, गाडीभाडें आणि व्यापाऱ्याचा रास्त नफा वजा करा. जो आंकडा येईल तो कागदावर लिहून, घडी करून खिशांत ठेवा, आणि मग हर्रासाला उभे राहा. अडत्यानें बोललेला भाव त्याच्याखालीं किती आहे तोही त्याच कागदावर तारखेसह लिहा. गांवांतल्या पन्नास घरांचे असे कागद मार्चअखेर एके ठिकाणीं आणले, तर जकातीच्या प्रश्नावर जिल्हाधिकाऱ्यांपुढें जातांना आपल्या हातीं पुरावा असेल. कोरे कागद मी आणले आहेत. ते बाहेर पडतांना उजव्या हाताच्या टेबलावर मिळतील.